कोपराचा नळ

करावे गावात त्यांना सगळे ‘ब्रदर’ म्हणत. वाशीच्या एका खासगी इस्पितळात त्यांची उभी हयात गेली होती, आणि इस्पितळात बाई असेल तर सिस्टर, बाप्या असेल तर ब्रदर. पुढे नोकरी सुटली, पण ब्रदर काही सुटलं नाही. दूधवाला ब्रदर म्हणे, देवळातले पुजारी ब्रदर म्हणत, आणि शेजारच्या तीनमजली घरात राहणारा त्यांचा सख्खा थोरला भाऊ गच्चीवरून हाक मारायचा तीही “ए ब्रदर!” अशीच. यात काही गंमत आहे हे गावात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि जिथे कळलं तिथे ते वाचायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

माझी त्यांची गाठ पडली ती सायकलमुळे. मी वाशीला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर बसून काम, त्यात रक्तातली साखर काठावर आली, आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. त्याच सुमारास आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब बंगळुरूला गेलं आणि जाताना त्यांची महागडी सायकल माझ्या गळ्यात मारून गेलं. तिला वायरीचे ब्रेक नव्हते, हायड्रॉलिक होते. म्हणजे मुठीपासून चाकापर्यंत एक बारीक नळी, नळीत तेल. लिव्हर दाबली की ते तेल पुढे रेटलं जातं आणि चाकाजवळचे दोन पॅड चकतीला आवळून धरतात. तेलात हवा शिरली मात्र, की लिव्हर नुसती दबते आणि पुढे काही होत नाही. हे ज्ञान मला एका सकाळी पाम बीच रोडच्या सिग्नलला झालं. लिव्हर पार मुठीला टेकली आणि मी चपला रस्त्यावर घासत कशीबशी थांबले.

वाशीच्या सायकलवाल्याने लिव्हर दोनदा दाबून पाहिली. “मॅडम, ब्लीडिंग करावं लागेल. आमच्याकडे नाय होत. करावेला ब्रदरकडे जा.”

गेले. गावठाणातल्या उंच घरांच्या मध्ये एकच बैठं कौलारू घर उरलं होतं. पडवीत चारपाच सायकली, माणूस कुणी नाही. दाराशी उभी राहून मी हाक मारली, “ब्रदर आहेत का? ब्लीडिंगसाठी आलेय.”

आतून एका बाईचा घाबरा आवाज आला. “अगो बाय! कोनाचा रगत चालू हाय?”

“कोनाचा नाय!” घरामागून ओरडत एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. पांढरा स्वच्छ शर्ट, बाह्या दंडापर्यंत दुमडलेल्या. माझ्याकडे बघून म्हणाले, “किती येला सांगला या सायकलवाल्यांना, ब्लीडिंग बोलू नका. आमच्या लाइनीत ब्लीडिंग म्हंजे धावपळ. ब्रेकमधली हवा काढायची हाय, असा बोला.” मग दाराकडे तोंड करून, “हवा हाय गो, हवा!”

“मग ठीक,” आतून आवाज आला.

त्या वहिनी, ब्रदरांच्या पत्नी. त्या दिवशी मला त्या दिसल्या नाहीत.

ब्रदर कामाला हात घालण्याआधी हात धुवायचे. जगात सगळे मिस्त्री तेलाचं काम झाल्यावर हात धुतात, हे आधीही धुवायचे आणि नंतरही. पडवीच्या कोपऱ्यात त्यांनी एक बेसिन बसवलं होतं आणि त्याला ऑपरेशन थिएटरात असतो तसा लांब दांडीचा नळ होता. कोपराने उघडायचा, कोपराने बंद करायचा. इस्पितळाचं नूतनीकरण झालं तेव्हा भंगारातून मागून आणलेला. “बोटा धुवायची आन त्याच बोटांनी परत मळका नळ पकडायचा, याला काय अर्थ?” हा त्यांचा सवाल असे. साबण बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कोपरापर्यंत. मग दोन्ही हात वर धरून उभे राहायचे, पाणी कोपरावरून गळू द्यायचे. टॉवेलवर त्यांचा विश्वास नव्हता. सायकल घेऊन आलेली तरुण मंडळी एकमेकांना कोपरखळ्या मारायची. एकाने एकदा विचारलं, “ब्रदर, भूल देणार काय सायकलला?” ब्रदर म्हणाले, “तुला देतो. गप बशील.”

गरीब स्वभावाचे वगैरे ते अजिबात नव्हते. भरपूर फुशारक्या मारायचे. अमुक सर्जनला शीर सापडत नव्हती, मी डोळे मिटून सुई लावली. तमुक डॉक्टर माझ्याशिवाय केसला हातच लावत नसे. निम्मं खरं असावं. ब्रेकचा नाद त्यांना लागला तोही तिथेच. एका शिकाऊ डॉक्टरच्या सायकलीचे ब्रेक गेले आणि तो वॉर्डात सिरिंज मागायला आला. हे म्हणाले, सिरिंज देतो, पण मारणार मी. तेव्हापासून हात बसला.

काम मात्र बघत राहावं असं करायचे. आधी चाक काढायचे, मग दोन्ही पॅड काढून निर्जंतुक केलेल्या जाळीच्या कापडात गुंडाळून लांब, खिडकीच्या कठड्यावर ठेवायचे. पॅडला तेलाचा स्पर्श झाला तर ते पुन्हा चकतीला धरत नाहीत, फेकूनच द्यावे लागतात. “एक बोट लागला की संपला,” ते बजावायचे. “किती पुसा, घासा, जाळा. आत शिरलेला त्याल निघत नाय.” मग लिव्हरच्या डोक्यावर पेल्यासारखी एक छोटी टोपी बसवायची, खाली चाकापाशी तेल भरलेली सिरिंज जोडायची, आणि खालून वर तेल अगदी सावकाश ढकलायचं. वरच्या टोपीत बुडबुडे यायला लागायचे. मध्येच नळीवर नखाने टिचकी. सलाइनच्या नळीला मारतात तीच. “हवेला वरच यायचा असतो, ताई. आपन फक्त वाट द्यायची. घाई केली का ती खाली दडून बसते.”

निघालेलं जुनं तेल ते फेकायच्या आधी सिरिंज वर्तमानपत्रावर आडवी धरायचे. “वाचा, ताई. तुमी लायब्ररीवाल्या.” तेलातून अक्षरं दिसली तर तेल बरं, नाही दिसली तर आत काहीतरी कुजतंय. माझ्या सायकलीच्या तेलातून मला पहिल्यांदा काळ्या चहासारखं काहीतरी दिसलं, अक्षर एकही नाही. ब्रदरांनी मान हलवली. “मालकाने लक्ष नाय दिला.” मी म्हटलं मालक बंगळुरूला गेले. “जाऊंदे. पेशंटसमोर बोलायचा नाय.”

आता त्या लिक्विड पॅराफिनची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती वहिनींची लाडकी होती. या ब्रेकना विशिष्ट तेल लागतं, ते बाहेरून मागवावं लागतं. एका रविवारी ते संपलं आणि बेलापूरचा एक हौशी सायकलवाला तर दारात उभा. रिकाम्या बाटलीवर ब्रदरांनी वाचलं, मिनरल ऑइल. वॉर्डात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात मिनरल ऑइल म्हणजे एकच वस्तू, लिक्विड पॅराफिन, बद्धकोष्ठावर देतात ते. तडक केमिस्टकडे गेले. केमिस्टने चौकशी केली, “पेशंटला किती दिवस झाले नाही?” ब्रदर म्हणाले, “पेशंटला पोटच नाय.”

ब्रेक लागला, नाही असं नाही. पण पॅराफिन जाड. लिव्हर दाबल्यावर परत वर यायला पोटभर जेवलेल्या म्हाताऱ्यासारखी वेळ लावायची. तो गडी खारघरच्या टेकडीवर गेला, सकाळ थंडीची, तेल आणखी घट्ट झालं आणि ब्रेक लागला तो सुटेचना. सायकल खांद्यावर टाकून तो उतरला आणि थेट करावेला भांडायला आला. ब्रदरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “औषध बरोबर होता. डोस चुकला.”

“सायकलीला जुलाब दिलान!” आतून वहिनी हसत सुटल्या. त्यांना हसताना धाप लागायची, तरी हसायच्या. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल. दर वेळी तो माणूस टेकडीवरून जास्त लांब चालत यायचा.

वहिनी आतच असायच्या, याचा उलगडा मला हळूहळू झाला. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या होत्या. ब्रदरांची किडनी द्यायचा विचार झाला होता, पण वहिनींचं हृदय इतकं अशक्त होतं की ऑपरेशन सोसणार नाही म्हणून डॉक्टरांनी नाही म्हटलं. डायलिसिसच्या मशीनवरही त्यांची तब्येत एकदम ढासळायची. उरला एकच मार्ग, पोटातून डायलिसिस. पोटात कायमची बसवलेली एक नळी, तिच्यातून पिशवीभर औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, आणि सगळी घाण घेऊन ते परत दुसऱ्या पिशवीत काढायचं. हे घरी करता येतं. रोज, दिवसातून अनेक वेळा, कधीही न चुकता. आणि करताना नळीच्या तोंडाला जंतूचा एक कण लागता कामा नये. लागला की पोटात पू होतो, नळी काढावी लागते आणि परत मशीन. “आन मशीन तिच्या हार्टला झेपनार नाय,” ब्रदर म्हणाले. हे सांगताना ते माझ्या सायकलचा पॅड पुसत होते आणि त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

त्या घरात सगळं त्या एका नळीभोवती रचलेलं होतं. दाराला स्प्रिंग होती, धूळ-माश्या नकोत म्हणून ते आपोआप लागायचं. धुतलेल्या हाताने ब्रदर कडीला शिवणार नाहीत, म्हणून कडी उघडायची वहिनींनी. पुढे त्यांना उठवेना, तेव्हा ब्रदरांनी कडीला जाळ्याची जुनी दोरी बांधून ती वहिनींच्या कॉटपर्यंत नेली. त्यांच्या वडिलांच्या वेळची, खाडीतल्या मासेमारीची दोरी. हात धुवून, वर धरून ब्रदर दारापुढे उभे राहायचे आणि हाक द्यायचे, “दार गो!” आतून दोरी ओढली जायची, खट् आवाज, आणि वहिनींचं ठरलेलं वाक्य, “आले, डाक्टर आले.”

एकदा त्यांनी मला आत येऊ दिलं. हात धुवायला लावून, तोंडाला मास्क लावून. पोटातून निघालेलं पाणी पिशवीत जमलं होतं. ब्रदरांनी ती पिशवी खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवली आणि वाकून त्यातून बातमी वाचायला लागले. तेव्हा मला कळलं सिरिंजमधून अक्षरं वाचायची सवय कुठली ते. पाणी स्वच्छ, तर अक्षर दिसतं. गढूळ, तर पोट बिघडलं. दर पिशवीला ते मोठ्याने एक ओळ वाचायचे आणि वहिनी त्यावर काहीतरी बोलायच्या. “नेरूळला दोन दिवस पानी नाय.” “आपल्याकडं तरी कवा असतो?” असं त्यांचं चालायचं. माझ्या पाहण्यात नवराबायकोचा इतका सुंदर संवाद दुसरा नाही. त्या दोघांना तो संवाद वाटतही नसेल.

मला त्या घराची ओढ लागली, हे सरळ सांगून टाकते. ब्रेक ठणठणीत असला तरी मी रविवारी तिकडे वळायची.

अशाच एका सकाळी मी पडवीत पाय ठेवला, तर सायकली तशाच, टोपी लिव्हरवर चढवलेली, सिरिंज लोंबकळती. आतून ब्रदरांचा आवाज आला. “ताई हायत काय? हात धुवा आन आत या.”

पिशवी वर्तमानपत्रावर होती. ब्रदर बाजूला उभे, चष्मा हातात. “माझा चष्मा असंल. काल पडला होता. तुमी वाचा जरा.”

मी गुडघ्यांवर बसले. आयुष्यभर मी वाचण्याचंच काम केलं आहे. पुसट शाई, वाळवी लागलेली पानं, काय काय वाचून काढलं आहे. त्या पिशवीतून मला काळसर ओळी आहेत एवढं दिसत होतं. अक्षर लागत नव्हतं. मी पिशवी थोडी सरकवली, डोकं तिरकं केलं. वहिनी कॉटवरून बघत होत्या.

“काय बातमी हाय गो ताई?” त्यांनी विचारलं.

ब्रदरांनी घाईने खालचा कागद ओढून दुसरा सरकवला, पहिल्या पानाचा, मोठ्या मथळ्याचा. तो मला वाचता आला. मी वाचलाही. माझ्या आवाजात आनंद असावा. ब्रदरांनी पिशवी उचलली. “मोठी अक्षरा कोनालापन दिसतील,” ते म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर लावून इस्पितळाला फोन करायला लागले.

त्यानंतरचं मला बेताचंच सांगता येईल. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, पोट काही निवळलं नाही. नळी काढली. मशीन सुरू झालं. बाहेरच्या बाकावर ब्रदर बसलेले असायचे, ज्या इस्पितळात त्यांनी लोकांना ‘इथे बसू नका’ म्हणून उठवलं असेल त्याच इस्पितळात. एकदा त्यांचे थोरले भाऊ आणि मी दोघेही तिथे होतो. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, असं कितीही काळजी घेतली तरी होऊ शकतं, कुठून आलं ते सांगता येत नाही. डॉक्टर गेले. भाऊ म्हणाले, “ब्रदर, मी कवापासून बोलनार होतो. ते सायकलींचा त्याल, मळ...” आणि थांबले. माणूस वाईट नव्हता, नको ते तोंडून निघून गेलं.

ब्रदर म्हणाले, “एक बोट पुरा होतो.”

मी त्यांना सांगून पाहिलं. तुमच्याइतके हात कुणी धूत नाही, डॉक्टरांनीच सांगितलं ना, कशावरून तेलामुळे. ते ऐकत होते. मग त्यांनी आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले, असे की जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. तेलामुळे झालं की नाही हे मला आजही ठाऊक नाही, आणि कुणालाच कधी कळणार नाही. त्याचंच मला फार वाईट वाटतं. चूक ठरली असती तर माणूस रडला असता, नाही ठरली असती तर सुटला असता.

गणपतीत गावच्या वेशीवर दरवर्षी शुभेच्छांचे बोर्ड लागतात. त्या वर्षी त्यांच्या शेजारी एक काळ्या चौकटीचा होता. वहिनींचा तरुणपणीचा फोटो, आणि खाली, ‘श्री. जनार्दन यांच्या धर्मपत्नी’. हे जनार्दन कोण, असं एक क्षण माझ्या मनात आलं.

ब्रदरांनी सायकली घेणं बंद केलं. दारात आलेल्यांना ते नम्रपणे सांगायचे, “आता आमी करत नाय.” सिरिंजा, टोप्या, नळ्या सगळं त्या बेलापूरच्या पॅराफिनवाल्याला देऊन टाकलं. मी अधूनमधून जायची. ते चहा करायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. लेक उरणला दिलेली, ती येऊन म्हणाली, बाबा, तिकडे चला. ते हो म्हणाले आणि गेले नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मागच्या थंडीत. माझा मागचा ब्रेक पुन्हा मऊ पडला होता. खरं तर दुसरीकडे नेता आला असता. पण मला वाटलं, माझ्या सायकलीला ते नाही म्हणणार नाहीत, आणि एकदा हात लागला की पुढे लागेल. भाबडेपणा म्हणा. मी सायकल पडवीच्या भिंतीला टेकवली आणि म्हटलं, “ब्रदर, ब्लीडिंग करायचंय.” मुद्दामच तसं म्हटलं.

ते रागावले नाहीत. जवळ आले, एका बोटाने लिव्हर दाबली. ती मुठीला टेकली. “हवा हाय,” ते म्हणाले. मग बाह्या दुमडत म्हणाले, “हात धुतो.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ते बेसिनशी गेले. कोपराने नळ उघडला. बेचक्या, मनगटं, कोपरापर्यंत साबण, सगळं पहिल्यासारखं. कोपराने नळ बंद केला. दोन्ही हात वर धरले आणि वळले. पण सायकलीकडे नाही, दाराकडे.

“दार गो,” ते म्हणाले.

खिडकीच्या गजांतून मला कॉटच्या कडेला लोंबणारी दोरी दिसत होती. ते उभे राहिले. पाणी कोपरांवरून पडवीत ठिपकत होतं. मी पुढे होऊन दार उघडावं असं मनात आलं, पण माझे हात रस्त्यावरचे होते, आणि अशा हातांनी त्या दाराला शिवायचं नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पाणी ठिपकायचं थांबलं. मग त्यांनी स्वतःच हात खाली घेतला आणि कडी उघडली.

दार उघडलं. ते आत गेले नाहीत. कडीला लागलेल्या हाताकडे त्यांनी पाहिलं. मग मागे फिरून बेसिनशी आले, कोपराने नळ उघडला, साबण घेतला आणि पहिल्यापासून हात धुवायला लागले. त्यांच्या पाठीमागे स्प्रिंगने दार पुन्हा लागलं.